मामाला शिकवलेली प्रश्नोत्तरं

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दाढी करत होतो. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू "तुमचा फोन आहे, कर्जतहून" असं सांगत आल्या आणि तोंडाला अर्धा साबण तसाच ठेवून मी त्यांच्याकडे गेलो. पलीकडे मामाची नात होती. "आजोबा गेले हो, पहाटे. सगळ्यांच्या आधी तुम्हाला कळवायचं, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं," एवढं बोलून ती रडायला लागली. सगळ्यांच्या आधी... स्वतःचे दोन मुलगे, एक लेक, गावात एवढे भाऊबंद, आणि आधी कळवायचं कुणाला, तर भाच्याला! मी "निघतोच" म्हणालो आणि घरी येऊन राहिलेली दाढी उरकली. गालावर कुठे कापलं नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की ती गोष्ट ठाऊक असलेला आता माझ्याखेरीज कुणी उरला नाही. सुटलो, असंही वाटलं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते आहे, पण वाटलं ते वाटलं.

दहाव्याला उल्हास नदीच्या काठी विधी झाल्यावर स्टेशनावरची फेरीवाली मंडळी जमली. म्हातारे, तरणे, कुणी टोपली तिथंच बाजूला टेकवून आलेले. "मास्तर, दोन शब्द बोला," असा आग्रह झाला आणि मी बोललो. तीस वर्षं मुंबईच्या शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस मी, दोन शब्दांत कुठला आटपतोय! मामानं मला घरी ठेवून घेतलं, खाऊपिऊ घातलं, मॅट्रिक केलं, सगळं अगदी व्यवस्थित सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. सांगायला हवं होतं तेवढं सोडून बाकी सगळं मी सांगितलं. ते राहिलेलं आता वर्तमानपत्राच्या या रविवारच्या पुरवणीत लिहितो. अशा लेखांतून गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात. मामाचे सांगायचे तर माझा एक अपराध आधी सांगावा लागेल, त्याला इलाज नाही.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या अंगाला. भाताची शेती, मराठी चौथीपर्यंतची शाळा आणि पुढे काही नाही. लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी मामा पायी चालत आमच्याकडे आला आणि पाणी प्यायच्या आधी आईला म्हणाला, "आक्के, पोराला हितं ठिवून भात लावायलाच लावनार हायेस ना? मंग मला दे त्याला. कर्जतला इंग्रजी शाळा हाय." त्याच पावली मी त्याच्याबरोबर निघालो. कर्जतला लागून दहिवली, तिथं मामाचं दोन खणांचं घर. मामी तेव्हा विशी-बाविशीची असेल. पहिल्या दिवशी तिनं मला मामाच्याही आधी ताट वाढलं आणि पुढची सात वर्षं तो क्रम मोडला नाही.

मामा कर्जत स्टेशनावर फळं विकायचा. केळी, पेरू, आणि उन्हाळ्यात ठाकरवाडीच्या बाया डोंगरातून घेऊन यायच्या ती करवंदं आणि जांभळं, पळसाच्या पानांच्या द्रोणात भरून. आता, कर्जतला गाड्या थांबतात त्या घाटापायी. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून रेटायला इंजिनं जोडायची, ती जोडून होईपर्यंत गाडीतला एकूणएक माणूस रिकामा. रिकामा माणूस खिडकीतून डोकं काढतो आणि विचारत सुटतो. मामाचं म्हणणं असं, की साहेब कलकत्त्याचा असो की मद्रासचा, कर्जतला त्याला पडणारे प्रश्न ठरलेले. गाडी का थांबली, किती वेळ थांबणार, पुढे घाट आहे तो केवढा, इथलं पाणी प्यायला बरं आहे का, ही काळी फळं कसली, गोड आहेत की आंबट. मामाला हे सगळं हातवाऱ्यांवरून कळायचं, पण उत्तर देता यायचं नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या डब्यांपुढे उभं राहायचं तर पितळी बिल्ला लागायचा, आणि ज्याला साहेबलोकांशी दोन वाक्यं बोलता येतात त्यालाच तो मिळायचा. बाकीच्यांनी तिसऱ्या वर्गाच्या डब्यांपाशी ओरडायचं आणि गाडी हलली की पैसे घ्यायला तिच्याबरोबर पळायचं. असं पळताना मामा एकदा पडला होता. उजवा गुडघा तेव्हापासून धड वाकत नसे. बिल्लेवाल्याला पळावं लागत नाही, तो उभा असतो आणि गिऱ्हाईक त्याला बोलावतं. मामाला बिल्ला हवा होता तो या गुडघ्यासाठी.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, एक म्हातारा बिल्लेवाला थकून घरी बसला. त्याच्या जागी एकच माणूस घ्यायचा, आणि महिन्याभरानं रेल्वेचा साहेब येऊन स्वतः प्रश्न विचारून निवड करणार, असं कळलं. मामानं मला सकाळी उंबऱ्यापाशी गाठलं. "दत्तू, मला शिकव. साह्येब काय इच्यारतोय नि काय बोलायचं, तेवडंच. येबीसीडी नको." मी वहीच्या डाव्या पानावर प्रश्न आणि उजव्या पानावर उत्तर, असं आपल्या बालबोध अक्षरांत लिहायला घेतलं. शिकवणी रोज शाळेच्या आधी. मामा ओट्यावर बसून पळसाच्या पानांचे द्रोण लावायचा आणि मी विचारायचो. एका द्रोणाला एक प्रश्न. उत्तर बरोबर आलं की बांबूची चोय टोचून द्रोण बाजूला ठेवायचा. चुकलं तर पानं हातातच धरून बसायचं, असा नेम त्यानंच लावून घेतला होता.

"हाउ लाँग विल द ट्रेन स्टॉप हिअर?" मी विचारायचो.

"टेन मिनिट्स."

"पूर्ण वाक्यात!" आमच्या शाळेतल्या मास्तरांसारखा मी डोळे वटारायचो.

"द ट्रेन विल स्टॉप हिअर फॉर टेन मिनिट्स, सर," असं म्हणून मामा चोय टोचायचा आणि आतून मामी हसायची. भाच्याला सर म्हणणारा नवरा तिला नवीन होता. करवंदाला इंग्रजीत काय म्हणतात ते मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून "दीज आर करवंदाज, सर" असं ठरलं. पुढचा प्रश्न, आर दे स्वीट? इथं मात्र मामा रोज अडायचा. "येस सर म्हन, म्हनतोस तू. पन आंबट असली तं?" मी म्हणालो, मग नो सर म्हण. "नो म्हनलो तं घेल कोन?" दोन दिवस त्यानं त्यावर विचार केला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच मराठीत उत्तर सांगून माझ्याकडून इंग्रजी करून घेतलं. सम आर स्वीट, सम आर सावर, सर. खोटं त्याला बोलवत नसे. आयुष्यात एकदाच... पण ते पुढे येईल.

वही भरत आली तेव्हा त्यानं विचारलं, "आनि साह्येब म्हनला, का रं तुला ह्ये कोनी शिकवलं, तं?" मी म्हणालो, तसं कोण विचारतंय! "आरं पन इच्यारलं तं? लिव." मी लिहिलं, माय नेफ्यू टॉट मी, सर. "नेफ्यू म्हंजे?" "भाचा." तो शब्द मामानं दिवसभर तोंडात घोळवला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आनि तुला कोनी माज्याबद्दल इच्यारलं, तं तू काय म्हनशील?" मी तेही लिहिलं. इज धिस मॅन युवर अंकल? येस, ही इज माय अंकल. ते उत्तर त्यानं माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, पूर्ण वाक्यात, आणि लहान मुलासारखा खूश झाला.

आता माझं सांगतो. माझ्या वर्गात रेल्वेच्या क्वार्टर्समधली मुलं होती, वकिलाचा मुलगा होता. इस्त्रीचे कपडे घालायची, टेनिसच्या चेंडूनं क्रिकेट खेळायची. त्यांनी मला त्यांच्यात घ्यावं म्हणून मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, तुझे मामा काय करतात? मी म्हणालो, "रेल्वेत आहेत." ते धादांत खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. पुढे ते सांभाळण्यासाठी मी शाळेतून येताना स्टेशनातली जवळची वाट सोडून लांबून फिरून येऊ लागलो. मामाला सांगितलं होतं की तेवढाच व्यायाम होतो. त्याला ते पटलं, कारण मी सांगितलेलं सगळंच त्याला पटायचं.

साहेबाच्या परीक्षेच्या दिवशी मामा म्हणाला, "तू नुस्ता लांब उबा ऱ्हा. मला धीर येल." मी गेलो. सकाळची वेळ होती, पुलाखाली कठड्याला टेकून मी उभा राहिलो आणि नेमकी तेव्हाच आमच्या वर्गातली ती दोघं-तिघं तिथं आली. गोऱ्या सोल्जरांची स्पेशल गाडी येणार होती, ती बघायला. मला पाहून ती माझ्यापाशीच येऊन थांबली. समोर स्टेशनमास्तरांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून साहेब बसला होता आणि फेरीवाले रांगेत उभे. मामाची पाळी आली. धुतलेली बंडी, डोक्यावर टोपी. साहेबानं सात-आठ प्रश्न विचारले आणि मामानं एकेकाचं पूर्ण वाक्यात उत्तर दिलं. सम आर स्वीट, सम आर सावर, हे ऐकून साहेब मोठ्यानं हसला. मग त्यानं, देव जाणे का, तेच विचारलं. हू टॉट यू?

"माय नेफ्यू टॉट मी, सर," मामा म्हणाला, आणि वहीत नव्हतं असं एक वाक्य त्यानं स्वतःच्या हिमतीवर जुळवलं. "ही इज देअर." हात माझ्याकडे केला. चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं की...

साहेबानं बोटानं मला बोलावलं. मी पुढे झालो, माझ्याबरोबर ती मुलंही पुढे झाली. साहेबानं माझे बूट पाहिले, हातातली पुस्तकं पाहिली. "इज धिस मॅन युवर अंकल?"

"नो, सर," मी म्हणालो.

"डू यू नो हिम?"

"ही सेल्स फ्रूट हिअर, सर."

व्याकरणात एकही चूक नव्हती. साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो मामाला म्हणाला, यू टोल्ड मी अ लाय. पहिल्या वर्गाच्या खिडक्यांपाशी मला खोटं बोलणारा माणूस नको, असंही काही तो म्हणाला. ते वाक्य मामाला कळलं नसेल, पण माझं कळलं होतं. मीच शिकवलं होतं त्याला. तो माझ्याकडे पाहत नव्हता, साहेबाच्या बुटांकडे पाहत होता. भाच्याला पुन्हा विचारा, असं त्याला हातानं तरी सांगता आलं असतं. तो फक्त "सॉरी, सर" म्हणाला. सॉरी हा शब्द मी त्याला कुणाच्या पायावर पाय पडला तर म्हणायचा म्हणून सांगितला होता. बिल्ला रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळाला. ती मुलं मला म्हणाली, काय लबाड माणूस आहे रे, आणि मी हो म्हणालो.

संध्याकाळपर्यंत मी घरी गेलो नाही. गेलो तेव्हा मामा ओट्यावर द्रोण लावत बसला होता आणि मामी त्याला पुन्हा पुन्हा विचारत होती, की एवढं पाठ केलेलं असं कसं झालं. "जीबच वळली नाय गं," मामा म्हणाला. "साह्येबानं शेवटचा सवाल टाकला, नि मी आपला ठोंब्यासारका उबा. आलेलंच गेलं." मामीनं माझ्याकडे पाहिलं. मामा घाईनं म्हणाला, "त्या बिचाऱ्यानं काय करावं? त्यो लांब उबा व्हता. वाड त्याला." मामीनं वाढलं आणि मी जेवलो. व्यवस्थित जेवलो, भूक लागली होती.

ही गोष्ट मामा पुढे वर्षानुवर्षं लग्नाकार्यात सांगायचा. साहेब खुर्चीत कसा बसला होता आणि आपण तोंड उघडं टाकून कसे उभे राहिलो, त्याची नक्कल करायचा. लोक हसून लोळायचे. मीही त्यांच्यात बसून हसायचो. न हसावं तर कुणी विचारलं असतं, म्हणून जरा जास्तच हसायचो. आणि मामा गाड्यांमागे पळत राहिला, तो गुडघा घेऊन, साठी उलटेपर्यंत. स्वातंत्र्य आलं, साहेब गेला, मी मुंबईला मास्तर झालो. दर जूनमध्ये इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकात काका-मामांचा धडा यायचा. तो दिवस आला की मी वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहीत राहायचो आणि मुलांकडून एकसुरात म्हणवून घ्यायचो. सुटीत दहिवलीला गेलो की मामा दारातच विचारायचा, "हाउ आर यू?" मी "बरा आहे, मामा" म्हटलं तर त्याला चालत नसे. "पुऱ्या वाक्यात!" मग मी म्हणायचो, आय अ‍ॅम क्वाइट वेल, थँक यू, आणि तेव्हा कुठे तो मला आत घ्यायचा.

एकदाच मी धीर केला. आई गेली त्या वर्षी आम्ही दोघंच नदीवर बसलो होतो. मी म्हणालो, "मामा, त्या साहेबाच्या परीक्षेच्या दिवशी..." मला पुढचं वाक्य जुळवता येईना. मामा पाण्याकडे पाहत म्हणाला, "काय सांगू रं, जीबच वळली नाय. आलेलंच गेलं." आजूबाजूला कुणी नव्हतं. ज्याला सगळं ठाऊक होतं त्या मलासुद्धा त्यानं तेच सांगितलं, तसंच, अगदी त्याच शब्दांत. आंबट करवंदाला गोड म्हणायला न धजणारा माणूस माझ्यासाठी जन्मभर एकच खोटं बोलत राहिला आणि मी ते त्याला बोलू दिलं.

इथं लेख संपवता आला असता. पण दहाव्याच्या दिवशी, नदीवरचं माझं ते छान भाषण झाल्यावर, दुपारी मामी माझ्यापाशी येऊन बसली. सत्तरीच्या घरात आहे आता ती, पायांना सूज असते. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाली, "दत्तू, आता त्ये गेले म्हनून सांगते. तो बिल्ला माज्यापायी गेला रं."

मी म्हणालो, "तुझ्यापायी कसा?"

"त्या दिशी निगताना टोपी इसरले. दोन घरं फुडं गेलेवते. मी मागनं हाक मारली, अवं, टोपी! येवड्या म्हत्त्वाच्या कामाला निगालेला मानूस, नि मी मागनं हाक मारली... तितंच घात झाला. तोंडातलं उत्तर गेलं त्येंच्या. त्येंनी येका शब्दानं कदी बोलून नाय दावलं, पन मला कळत नाय व्हय? त्यापास्नं मी कदी कुनाला मागनं हाक नाय मारली."

चाळीस वर्षं. आणि मी काय म्हणालो असेन? "मामी, मागून हाक मारल्यानं काही होत नसतं. या अडाणी समजुती आहेत," असं म्हणालो. मास्तर ना मी! तिला समजुतीवर दोन वाक्यं ऐकवली, तीही पूर्ण. तिनं मान हलवली, पण तिला पटलं नाही हे दिसत होतं. पटणार कसं? मामाचा गुडघा तिच्या डोळ्यांसमोर होता ना, रोज रात्री तेल लावून चोळलेला.

मग मी निघालो. नदीवरच्या पुलापर्यंत आलो असेन, तर मागं पावलं घासल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर मामी. अनवाणी, पदर सुटलेला, धाप लागलेली, हातात माझा चष्मा. ओट्यावर राहिला होता. घरापासून तिथवर ती माझ्या मागं मागं आली होती, सुजल्या पायांनी, आणि एक हाक मारली नव्हती. तिनं चष्मा माझ्या हातात दिला, तोंडावरून हात फिरवला आणि माघारी वळली. ती वळणापलीकडे जाईपर्यंत मी तिथं उभा होतो. मला तिला बोलावता आलं असतं. तेव्हाही मी बोललो नाही.

दर रविवारी नात तिला ही पुरवणी वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा मामी, ऐक. त्या दिवशी मामाचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. साहेबानं मला विचारलं, हा तुझा मामा का, आणि मी नाही म्हणालो. बिल्ला गेला तो त्यामुळं. तुझ्या हाकेनं काही झालं नव्हतं. यापुढं मला दारात उभं करायचं की नाही ते तू ठरव. पण केलंस, आणि निघताना मी काही विसरलो, तर ओट्यावरूनच हाक मार.